चौथा आणि आठवा

वोरूच्या जुन्या बंबखान्यात, नोव्हेंबरात,
दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
लांब टेबल, पांढरा कागद, त्यावर नऊ ग्लास,
नऊही काळे.
दिव्यासमोर धरले तरच कळतं
की हा तळाशी तांबूस आहे, उरलेल्या चहासारखा,
आणि तो
सगळा उजेड गिळून ढेकरही न देणारा.

ओतायचं काम माझं.
कुठल्या ग्लासात कोण, फक्त मला ठाऊक.

परीक्षक तिघं. वाल्वे बाई,
शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त,
घोट घेण्याआधी पेन्सिलीला टोक काढणाऱ्या.
प्रीडिक, दाढी नवी, मतं त्याहून नवी.
आणि हेइनो, चाळीस वर्षं पावाची गाडी चालवलेला,
बोललाच तर रस्त्याबद्दल.

पहिला पांचट. ह्यावर एकमत.
दुसरा धुराचा. सौनाची भिंत चाटल्यासारखा,
प्रीडिक म्हणाला, आणि त्याला ते आवडलं होतं.
तिसऱ्यात मनुका, ओलं लाकूड,
शेवटी औषधाचं एक कडू टोक.
चौथा.
वाल्वे बाईंनी नाक आत घातलं, बाहेर काढलं, लिहिलं:
"माल्ट करपलाय. घाई केलीय कुणीतरी.
घाई मला परीक्षेच्या पेपरातही ओळखू यायची."
पन्नासपैकी सव्वीस.

पाचवा इतका दाट नि गोड
की प्रीडिकनं चमचा मागितला.
सहावा आंबूस; मुद्दाम की चुकून,
ह्यात अकरा मिनिटं गेली.
मग रायचा पाव, खारा मासा, पाणी.
कुणीतरी दार उघडलं
आणि बर्फाआधीची ती लोखंडी हवा आत आली.
सातव्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

आठवा. वाल्वे बाईंनी डोळे मिटले.
"हा खरपूस. पावाच्या कडेसारखा.
थांबायचं कुठे, हे ज्याला कळतं
त्याच्या हातचा."
एक्केचाळीस.
प्रीडिकनं तर बेचाळीस दिले.

चौथा आणि आठवा एकाच पिंपातले.
रॅपिनाच्या इल्मारचं पिंप, दोनदा ओतलं मीच.
गेल्या वर्षी ह्याच टेबलावर
माझ्या पोर्टरला करपट म्हटलं होतं,
तेव्हापासून बघायचं होतं मला
करपट आणि खरपूस ह्यांच्या मध्ये
नेमकं काय असतं.
तर: एक पाव, एक मासा, एक उघडं दार.

सांगणारच होते. जीभ टाळ्याला लागलीही होती.
तेवढ्यात हेइनोचा कागद दिसला.
चौथ्याला चौतीस.
आठव्याला चौतीस.

बाहेर, वाळूच्या बादल्यांपाशी गाठलं त्याला.
कसं ओळखलंत?
तो बराच वेळ एकच हातमोजा चढवत राहिला.
"ओळखलं कुठे? दोन हिवाळे झाले, त्या तापानंतर
वासच येत नाही मला. कशाचाच.
फेस किती टिकतो ते बघतो,
उतरताना काचेवर जाळी सोडतो का ते,
आणि जिभेवर किती जड बसतो.
वजनाची सवय आहे."
मग, दुसरा हातमोजा शोधत:
"लेम्बीला सांगितलेलं नाही.
ती शनिवारी पाव भाजते, आणि विचारते."
काय सांगता?
"खरपूस."

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्या संध्याकाळी माझ्या जिभेला होतं.

बिल्ला इल्मारला मिळाला. आठव्यासाठी.
चौथा कुणाचा, कुणी विचारलं नाही;
हरलेल्याचं नाव कोण विचारतो.

सगळे गेल्यावर ग्लास विसळायला घेतले.
फेकवेना, म्हणून नऊही काळे
एकाच जगात ओतले,
धूर, मनुका, आंबूस, करपट, खरपूस,
आणि उभ्यानंच प्यायले, नळ चालू ठेवून.

चव?
माझ्यावर विसंबू नका.
उरलेला मासा मी आधीच संपवला होता.